नाबोथाच्या गावातले तीन उपास

बायबलच्या जुन्या करारात ‘1 राजे’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या 21व्या अध्यायात तीन वेळा अन्न नाकारलं जातं, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं असतं. ख्रिस्ती माणसाने उपास आणि प्रार्थना कोणत्या मनाने करावी, हा प्रश्न पडला की मी आधी हा अध्याय उघडते. डोंगरावरच्या प्रवचनाकडे नंतर वळते.

गोष्ट ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातली. इज्रेल गावात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने पैसे देऊ केले, याहून चांगली जमीनही देऊ केली. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन आहे, ती मी देणार नाही. अहाब घरी आला, अंथरुणावर पडला, तोंड फिरवलं आणि जेवायला नकार दिला. अध्यायातला हा पहिला अन्नत्याग. निव्वळ रुसवा.

दुसरा उपास राणी ईजबेलचा. ती स्वतः उपाशी राहिली नाही, तिने गावाला उपास करायला लावला. राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यावर राजाची मोहोर उठवली आणि गावच्या वडीलधाऱ्यांना कळवलं, की उपास जाहीर करा. त्या काळी गावाने असा उपास धरायचा म्हणजे कुणाच्या तरी पापामुळे गावावर संकट आलंय असं मानायचं, आणि मग तो पापी कोण हे शोधायचं. नाबोथाला सगळ्यांसमोर बसवलं. समोर दोन खोटे साक्षीदार उभे केले. याने देवाची आणि राजाची निंदा केली, असं त्यांनी सांगितलं. गावाबाहेर नेऊन नाबोथाला दगडमार केला. मळा राजाच्या ताब्यात आला. सगळं रीतसर झालं, आणि सुरुवात उपासाने झाली होती.

तिसरा उपास पुन्हा अहाबाचा. एलीया संदेष्टा त्याला त्याच मळ्यात गाठतो आणि खुनाचा जाब विचारतो. अहाब वस्त्रं फाडतो, अंगावर गोणपाट घेतो, उपास करतो, खालमानेने वावरतो. तेव्हा देव एलीयाला म्हणतो, पाहिलंस का, हा माझ्यापुढे नमला आहे, म्हणून याच्या हयातीत मी ते संकट आणणार नाही. इस्राएलाच्या सगळ्यात वाईट राजांमध्ये ज्याचं नाव घेतात, त्या माणसाचा उपास देवाने पाहिला आणि मोजला. मला हा बायबलमधला अत्यंत आशादायक प्रसंग वाटतो. उपासाच्या बाबतीत माणसाचा पूर्वीचा हिशोब आड येत नाही.

पोट मात्र तिन्ही वेळा सारखंच रिकामं होतं. म्हणजे उपाशी राहण्यात आपोआप पावित्र्य येत नाही. याचा दाखला नव्या करारातही आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 23व्या अध्यायात यरुशलेममधल्या 40हून अधिक माणसांनी शपथ वाहिली, की पौलाला ठार मारेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही. त्यांचा निश्चय कच्चा नव्हता. पौलाच्या बहिणीच्या मुलाला या कटाचा सुगावा लागला, म्हणून पौल वाचला. एखाद्याने किती दिवस उपास केला यावरून त्याची भक्ती मोजायची सवय आपल्याकडे ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आहे. तिथे या चाळीस जणांची आठवण ठेवावी. तो उपास कोणाच्या दिशेने चालला आहे, हे पाहायला हवं.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनात, येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी एकापाठोपाठ घेतो. तिन्हींच्या बाबतीत त्याचं म्हणणं एकच आहे: लोकांनी पाहावं म्हणून करू नका. उपासाच्या वेळी तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, रोजच्यासारखे दिसा. उपास करू नका, असं तो कुठेही म्हणत नाही. ‘तुम्ही उपास करता तेव्हा’ असं धरूनच तो बोलतो. लोकांनी वाहवा केली की त्या उपासाचं वेतन तिथेच चुकतं झालं, पुढे देवाकडे काही येणं उरत नाही, असा त्याचा व्यवहारी हिशोब आहे.

लूकच्या 18व्या अध्यायातला परूशी, म्हणजे यहूदी नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो. त्याचा उपास खोटा होता असं वाचक गृहीत धरतात, पण कथेत तसं नाही. तो खरोखर उपास करत होता, दशमांशही देत होता. बिघाड प्रार्थनेत होता. मंदिरात उभं राहून तो देवाशी बोलत होता खरा, पण डोळा शेजारच्या जकातदारावर होता. त्याचा उपास त्या जकातदाराशी तुलना करण्यात खर्ची पडला. इथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. यावरून यहूदी लोकांचा उपास दिखाऊ आणि आपला खरा, असा निष्कर्ष काढणारा माणूस स्वतःच परूश्याच्या जागी जाऊन उभा राहतो. दिखाऊ उपासावर सगळ्यात कडक टीका यहूदी संदेष्ट्यांनीच केली आहे, आणि योम किप्पूर या त्यांच्या सर्वांत मोठ्या उपासाच्या सकाळी सभास्थानात नेमकी अशीच टीका करणारा यशयाच्या 58व्या अध्यायातला उतारा वाचला जातो. ख्रिस्ती उपासकाळाची सुरुवातही अशीच होते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावायची आणि त्याच उपासनेत मत्तयाचा सहावा अध्याय ऐकायचा. लोकांना दाखवू नका हे ऐकायचं आणि खूण कपाळावर घेऊन घरी जायचं. अनेकांना यात विसंगती वाटते. मला वाटतं, ती मुद्दाम राखलेली अडचण आहे. उपासाच्या पहिल्याच दिवशी माणसाला स्वतःचा हेतू तपासायला लावणारी.

मग सगळ्या मंडळीने मिळून, ठरलेल्या दिवशी उपास करायचा की नाही? पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तसा तो केला. ‘दिदाखे’ नावाची एक फार जुनी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिचं हस्तलिखित 1873मध्ये इस्तंबूलला सापडलं. त्या वेळचे धार्मिक यहूदी सोमवारी आणि गुरुवारी उपास करत, तर तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा, असं ती सांगते. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना कामगिरीवर पाठवलं तेही उपास आणि प्रार्थना करूनच. एकत्र उपासाचा एक मोठा फायदा आहे. सगळेच उपाशी असतात तेव्हा कुणाच्याच उपासाला भाव येत नाही. एकट्याने, स्वतःहून धरलेल्या मोठ्या उपासात मिरवण्याचा मोह जास्त असतो. एकवीस दिवसांची उपासप्रार्थना सुरू आहे हे मोबाइलच्या स्टेटसवर रोज कळवणाऱ्याने दानिएलाचा दहावा अध्याय पुन्हा वाचावा. तीन आठवडे त्याने चांगलंचुंगलं खाल्लं नाही, मांस आणि द्राक्षारस घेतला नाही, आणि हे त्याने तेव्हा कोणाला सांगितलं याचा त्या अध्यायात मागमूस नाही.

लोकांना दाखवण्याचा मोह ओळखायला सोपा असतो. त्याहून खोल रुतलेला हेतू असतो तो देवाचा हात पिरगळण्याचा. नवसाची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. नोकरी लागू दे, मी अमुक करीन. धर्म बदलला तरी ही सवय सहज जात नाही, आणि उपासप्रार्थनेत तिला आयतं घर मिळतं. इतके दिवस उपाशी राहिलो, आता तरी देव ऐकेलच. मग देवाने ऐकलं नाही की दोनच उत्तरं उरतात, एक तर उपास कमी पडला किंवा विश्वास. आजारी मुलाच्या आईला कुणीतरी असं सांगतं, तेव्हा तिच्या दुःखावर अपराधाचं ओझं चढतं. उपासाच्या नावाने घडणाऱ्या सगळ्या वाईट गोष्टींत मला ही सर्वांत क्रूर वाटते.

यावर दावीद राजाची गोष्ट वाचावी, 2 शमुवेलच्या बाराव्या अध्यायातली. बथशेबेपासून झालेलं त्याचं मूल आजारी पडलं. दावीद सात दिवस जमिनीवर पडून राहिला, जेवला नाही, मुलासाठी गयावया करत राहिला. घरातली वडीलधारी माणसं उठवायला आली, तरी उठला नाही. सातव्या दिवशी मूल गेलं. चाकरांना हे सांगायची भीती वाटली. मूल जिवंत असताना याने ऐकलं नाही, आता स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल, असं त्यांना वाटलं. त्यांची कुजबुज दावीदाच्या कानावर आली आणि तो समजला. मग तो उठला. आंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन केलं आणि घरी येऊन जेवायला मागितलं. चाकर चक्रावले. जिवंत असताना उपास आणि आता जेवण? दावीद म्हणाला, मूल होतं तोवर वाटत होतं, कोण जाणे, देव कृपा करील. आता उपास करून मी त्याला परत आणू शकतो का?

त्याची प्रार्थना मंजूर झाली नाही, तरी त्याचा उपास खरा होता. मागणं त्याने पूर्ण ताकदीने मागितलं, आडपडदा ठेवला नाही. पण उत्तर देवाच्या हाती आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून नकार आल्यावर तो मंदिरात जाऊ शकला. गेथशेमानेत येशूनेही हेच केलं. प्याला टळू दे असं स्पष्ट मागितलं, आणि तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हटलं. एखाद्याचा उपास देवापुढे होता की देवाविरुद्ध, ते उपास संपल्यावर आणि मागणं न मिळाल्यावर तो कुठे जातो यावरून कळतं. स्वतःच्या मनात डोकावून ते आधी कळेलच असं नाही. मन फार चलाख असतं.

म्हणूनच संदेष्टे मनाचा ठाव घेत बसत नाहीत, ते हातांकडे बघतात. यशयाचा 58वा अध्याय बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांना उद्देशून आहे. लोक तक्रार करतात, आम्ही उपास केला तो देवाला दिसला नाही का? देवाचं उत्तर अगदी रोखठोक आहे. उपासाच्या दिवशी तुम्ही आपला धंदा बघता, मजुरांना राबवून घेता, भांडता आणि ठोसे मारता. मला हवा असलेला उपास असा: अन्यायाच्या बेड्या सोडवा, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या, बेघराला घरात घ्या, उघड्याला कपडा द्या. जखऱ्याच्या सातव्या अध्यायातही असाच सवाल आहे. दारयावेश राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व 518मध्ये, बेथेलहून माणसं विचारायला आली. मंदिर पडल्याच्या स्मरणार्थ पाचव्या महिन्यात आम्ही उपास पाळत आलो, आता मंदिर पुन्हा बांधलं जातंय, तर तो चालू ठेवायचा का? देवाने उलट विचारलं, ही सत्तर वर्षं तुम्ही उपास केलात तो माझ्यासाठी होता का? आणि लगेच पुढे विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांची नावं घेतली.

या शिकवणीचा सर्वांत साधा हिशोब दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या पुस्तकात मिळतो. उपासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घे. एरवी जेवला असतास त्या अन्नाची किंमत काढ. तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. वाचलेलं अन्न पुन्हा आपल्याच घरात राहिलं, तर तो काटकसरीचा दिवस झाला, उपासाचा नव्हे. भारतात याचं एक वेगळं रूप मिझोरममध्ये पाहायला मिळतं. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमध्ये घरची बाई दर जेवणाला भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढते, ते गोळा होऊन मंडळीच्या कामाला जातात. ही प्रथा 1910मध्ये सुरू झाली आणि आजही चालू आहे. हा पूर्ण उपास नव्हे, पण चुलीपाशी रोज चाललेला हर्मासचाच हिशोब आहे. कॅथलिक चर्चमध्ये कारितास इंडिया ही संस्था उपासकाळात भूक आणि रोग यांच्याविरुद्ध मोहीम चालवते, तिचंही सूत्र तेच.

आपल्याकडचा शुक्रवार मात्र कधीकधी भलत्याच वाटेने जातो. उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून वसईत आणि गोव्यात त्या दिवशी पापलेट आणि कोळंबीचा बेत होतो. नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या किनाऱ्यावर मासळी हेच सर्वांत आवडीचं जेवण आहे, तिथे मटणाऐवजी पापलेट खाण्यात काय सोडलं? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी ख्रिस्ती घरालाही लागू पडते. आणि ते पापलेट सकाळी बाजारातून आणून साफ कोणी केलं? घरातल्या पुरुषाने उपास धरला, की त्याच्यासाठी वेगळं, मुलांसाठी वेगळं आणि उपास सोडताना पुन्हा ताजं असं तीनदा रांधणारी बाई अनेक घरांत असते. तिला मजूर म्हणून आपण मोजत नाही, पण यशयाने उपासाच्या दिवशी राबवल्या जाणाऱ्यांबद्दल जे म्हटलं, ते तिच्याबद्दलही आहे.

उपासाला अंतिम नियम मानण्याचा धोका वाळवंटातल्या तपस्व्यांनीही ओळखला होता, आणि उपास करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. योहान कॅसियन चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या मठांमधून फिरला आणि पुढे मार्सेयला राहून त्याने त्याबद्दल लिहिलं. त्याला एक गोष्ट जाणवली. पाहुणा आला की हे लोक ठरलेला उपासही सोडून त्याच्याबरोबर जेवायला बसत. त्याने कारण विचारलं, तेव्हा एका वृद्धाने सांगितलं त्याचा आशय असा: उपास माझ्यापाशीच आहे, तो मी नंतरही करीन. तुम्ही मात्र निघून जाणार. उपास माझ्या मर्जीचा आहे, प्रेम करणं ही आज्ञा आहे. पाहुण्यासमोर ‘माझा आज उपास आहे हो’ म्हणून चहाचा कप सरकवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

महाराष्ट्रात उपास आणि प्रार्थना यांबद्दल अधिकाराने बोलण्याचा हक्क कुणाला असेल, तर पंडिता रमाबाईंना. भूक त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिली होती. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करताना व्रतंवैकल्यं आणि उपास घडले. 1874च्या सुमारास दुष्काळात अन्नाविना आईवडील गेले. पुढे 1896–97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. ज्या बाईने उपासमार इतकी जवळून पाहिली, तिला रिकाम्या पोटाचं कौतुक वाटणं शक्य नव्हतं. 1905च्या जानेवारीत केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी रोज प्रार्थनेला जमायचं आवाहन केलं, सुरुवातीला 70 जणी पुढे आल्या. मागणं काय होतं? भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं हृदयपरिवर्तन व्हावं, आणि त्यात आपणही आलो. हे शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्यांच्या पापांसाठी उपास धरणं सोपं असतं. ईजबेलच्या गावानेही तेच केलं होतं. त्या वर्षीच्या जूनअखेरीस केडगावला जे आत्मिक जागरण झालं त्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, पण आधीचे कित्येक महिने रोज होणाऱ्या त्या साध्या बैठकांबद्दल फार कमी बोललं जातं.

शरीराबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. सिएनाची संत कॅथरीन 1380मध्ये अवघ्या 33व्या वर्षी वारली. शेवटच्या काळात तिला अन्न घेणंच अशक्य झालं होतं. लोक तिच्या उपासाने भारावून जात, पण तिने स्वतः एका पत्रात लिहिलं आहे, की इतरांसारखं जेवता यावं म्हणून ती देवाकडे प्रार्थना करते. आपल्या लिखाणात तिने तपश्चर्या हे साधन आहे, साध्य नव्हे, असंही बजावलं. अन्नाशी बिनसलेलं नातं भक्तीच्या आड सहज लपतं, विशेषतः तरुण मुलींच्या बाबतीत. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिथे कौतुक करू नये, तिच्याशी बोलावं आणि डॉक्टरांकडे न्यावं. कॅथलिक चर्चचा नियम मुद्दामच सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीचे, तेही 18 ते 59 वयाच्या लोकांना. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खायला मुभा असते.

ज्याने कधी उपास केला नाही, त्याने एका दुपारच्या जेवणापासून सुरुवात करावी. घरी रांधणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं, म्हणजे अन्न वाया जात नाही. हे सांगितल्याने गुप्तपणा मोडत नाही. पाणी प्यावं. जेवणाची वेळ होते तेव्हा भूक लागते, चिडचिड होते, आणि नेमकी तीच वेळ प्रार्थनेची. एरवी जेवायला लागला असता तेवढा वेळ बसून एक स्तोत्र सावकाश वाचावं, ज्याच्याशी आपलं वाकडं आहे अशा एकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागावं, आणि मग स्वतःसाठी. माफी न मागितलेलं काही आठवलं, एखादी जुनी खोटी साक्ष, बुडवलेली मजुरी, तर ते कागदावर लिहावं आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं एक तरी निस्तरावं. वाचलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी हातावेगळे करावेत. ज्यांना मधुमेह आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, ज्यांची औषधं जेवणाशी बांधलेली आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्न सोडू नये. त्यांच्यासाठी यशयाच्या 58व्या अध्यायात भरपूर कामं लिहून ठेवली आहेत, आणि त्यातल्या एकाही कामाला उपाशी राहावं लागत नाही.